पाषाणांचा अभ्यासक धर्मगुरू : फादर तेयार द शार्दँ

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून अवघ्या महाराष्ट्राला परिचित आहे. तेरणा नदीच्या काठावरील या गावाच्या भोवती पांढरीची जुनी टेकाडे आहेत. प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध असलेल्या या नगराचा थेट रोमन जगाशी व्यापार चालत असे. टेकाडांतून निघालेली सातवाहनकालीन नाणी, मृण्मूर्ती, मणी आणि हस्तिदंती बाहुली यांमुळे येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय अभ्यासकांना जवळचे वाटते. टेकाड खणू लागले की वरचा थर अलीकडचा आणि खालचा थर जुना, हे कोणा शेतकऱ्यालाही समजावून सांगावे लागत नाही. मात्र पांढर संपून खाली काळा कातळ लागला की आकडे एकदम बदलतात. वरचा इतिहास दोन-अडीच हजार वर्षांचा, तर दख्खनचा हा कातळ ज्या ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला त्याचा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा.

येथे बायबल वाचणारा भाविक क्षणभर थबकतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांत सृष्टी निर्माण होते आणि दुसऱ्या अध्यायात परमेश्वर एखाद्या कुंभाराप्रमाणे मातीचा मानव घडवून त्याच्या नाकपुड्यांत प्राण फुंकतो. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे ऐकणारे मूल महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मात्र आनुवंशिकता व उत्क्रांती हा धडा वाचते. दोहोंपैकी खरे कोणते, हा प्रश्न ते घरी विचारते आणि बरेचदा आईवडील तो टाळतात. हा प्रश्न न टाळता आयुष्यभर खांद्यावर वाहणारा एक येशूसंघीय धर्मगुरू विसाव्या शतकात होऊन गेला. फादर पिएर तेयार द शार्दँ हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म १ मे १८८१ रोजी फ्रान्समधील ओवेर्न्य प्रांतात सार्सना येथे झाला. हा प्रांतही आपल्या दख्खनसारखाच ज्वालामुखींनी घडविलेला. फरक इतकाच की तेथील ज्वालामुखी वयाने फारच तरुण आहेत. अकरा भावंडांत पिएर चौथे. वडिलांना निसर्गाचा छंद होता. ते मुलांना दगड, कीटक, वनस्पती गोळा करायला शिकवीत. आई अतिशय भाविक, येशूच्या परमपवित्र हृदयाची निस्सीम भक्त. बालपणी पिएरने नांगराचा एक लोखंडी तुकडा जपून ठेवला होता, कारण लोखंडाहून टिकाऊ काही नाही असे त्याला वाटे. एके दिवशी त्यावर गंज दिसला आणि तो मुलगा रडून रडून थकला. लोखंड टिकत नाही हे कळल्यावर तो दगडांकडे वळला. अविनाशी असे काय आहे, हा त्याचा शोध तेथून सुरू झाला, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

१८९९ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. फ्रेंच शासनाच्या धर्मसंघविरोधी कायद्यांमुळे त्यांचे शिक्षण जर्सी बेटावर व पुढे इंग्लंडमध्ये झाले. मधली तीन वर्षे, १९०५ ते १९०८, त्यांनी कैरो येथील शाळेत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकविले. २४ ऑगस्ट १९११ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी शांघायमध्ये गोरगरीब वृद्धांची सेवा करणारी त्यांची धर्मभगिनी बहीण देवीच्या रोगाने मरण पावली होती.

इंग्लंडमधील वास्तव्यात त्यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ बेर्गसन यांचा सर्जनशील उत्क्रांतीवरील १९०७ चा ग्रंथ वाचला आणि उत्क्रांती हा केवळ प्राणिशास्त्रातील एक सिद्धांत नसून सृष्टी समजून घेण्याची दृष्टी आहे, असे त्यांना वाटू लागले. त्याच काळात पिल्टडाऊन येथील गाजलेल्या अवशेषांशीही त्यांचा संबंध आला. १९१३ मध्ये तेथे सापडलेला सुळा त्यांच्याच हाती लागला होता. तो सारा प्रकार बनावट असल्याचे १९५३ मध्ये सिद्ध झाले. या लबाडीत तरुण तेयारही सामील होते असा आरोप काहींनी नंतर केला. परंतु त्यास पटण्याजोगा पुरावा कोणी दिलेला नाही.

पहिल्या महायुद्धात ते धर्मगुरू असूनही सैन्यात स्ट्रेचर वाहणारे साधे जवान म्हणून राहिले. उत्तर आफ्रिकी सैनिकांच्या तुकडीत त्यांनी तोफांच्या माऱ्यातून जखमींना बाहेर काढले. या कामगिरीबद्दल त्यांना फ्रान्सचे मोठे सन्मान लाभले. त्यांचे दोन भाऊ त्या युद्धात मारले गेले. एवढा मृत्यू पाहूनही सृष्टी कोठेतरी वर चढत आहे, ही त्यांची श्रद्धा ढळली नाही. त्यांच्या टीकाकारांना नेमके हेच खटकते.

१९२२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि पॅरिसच्या कॅथॉलिक विद्यापीठात ते भूगर्भशास्त्र शिकवू लागले. त्याच वर्षी एका सहकारी धर्मपंडिताच्या विनंतीवरून त्यांनी मूळ पापाविषयी एक खाजगी टिपण लिहिले. मानवजात दीर्घ उत्क्रांतीतून आली असेल, तर आदाम आणि एदेन बाग यांचा अर्थ कसा लावायचा, हा त्यातील प्रश्न होता. टिपण प्रसिद्धीसाठी नव्हते. तरीही त्याची प्रत रोममध्ये पोहोचली. त्यांना अध्यापन सोडावे लागले आणि १९२५ मध्ये वरिष्ठांनी पुढे ठेवलेल्या विधानांवर स्वाक्षरी करावी लागली. येशूसंघ सोडून द्यावा असे सुचविणारे मित्र होते. त्यांनी तसे केले नाही. विज्ञानावर लिहावे, तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांवर प्रसिद्ध करू नये, अशा मर्यादेत त्यांचे उर्वरित आयुष्य गेले.

चीन ही मग त्यांची कर्मभूमी झाली. १९२३ मध्ये ते तेथे प्रथम गेले होते. ऑर्डोसच्या ओसाड मुलखात वेदी नाही, भाकर नाही, द्राक्षारस नाही, अशा अवस्थेत त्यांनी अखिल पृथ्वीलाच वेदी मानून मानवाचे कष्ट व दुःख पित्याला अर्पण करणारे ध्यान लिहिले. ते 'विश्वावरील मिस्सा' म्हणून ओळखले जाते. बीजिंगजवळील चौकौत्येन येथे १९२९ च्या डिसेंबरात पै वेनचुंग यांना आदिमानवाची कवटी मिळाली, तेव्हा तेथील थरांचा अभ्यास करणाऱ्यांत फादर तेयार हे प्रमुख होते. उत्क्रांतीच्या विरोधात धर्मगुरू, असे चित्र रंगविणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात घ्यावे.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. १९३५ मध्ये हेल्मुट द टेरा आणि पॅटरसन यांच्यासोबत त्यांनी काश्मीर, पंजाबातील मिठाचे डोंगर आणि त्यानंतर नर्मदेचे खोरे येथील थर पाहिले. आज नर्मदापुरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होशंगाबादच्या परिसरात नदीकाठी प्राचीन प्राण्यांच्या हाडांसह दगडी हातकुऱ्हाडी मिळत होत्या. त्या घडविणारा मानव तेव्हा सापडला नाही. पुढे १९८२ मध्ये त्याच खोऱ्यात हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा जीवाश्म मिळाला.

फादर तेयार यांचे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर असे : परमेश्वराने सृष्टी एकदा घडवून बाजूला ठेवली नाही, तो तिला अजून घडवीत आहे. जडातून जीव, जिवातून विचार असा हा प्रवास असून, त्याचे अंतिम टोक म्हणजे ज्याच्या ठायी सारे काही एकत्र सांधले जाते तो ख्रिस्त. संत पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातील विश्वव्यापी ख्रिस्ताचा विचार त्यांनी भूगर्भशास्त्रज्ञाच्या भाषेत मांडला. यात सौंदर्य आहे, तशी उणीवही आहे. पाप व दुष्टता यांना त्यांच्या चित्रात जागा अपुरी पडते. वंश आणि मानवी सुधारणा यांविषयी त्यांनी काही ठिकाणी व्यक्त केलेली मते तर आज वाचवत नाहीत. शास्त्रज्ञांपैकीही कित्येकांना त्यांचे लेखन विज्ञानापेक्षा काव्य वाटले.

'मानव : एक घटित' हा त्यांचा मुख्य ग्रंथ १९४० मध्ये बीजिंगमध्ये लिहून पूर्ण झाला. १९४८ मध्ये ते स्वतः रोमला गेले. पण प्रकाशनाची अनुमती मिळाली नाही आणि पॅरिसमधील नामांकित अध्यासनही नाकारावे लागले. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन करण्यास तज्ज्ञांना मोकळीक दिली, आत्मा मात्र परमेश्वर थेट निर्माण करतो ही शिकवण कायम ठेवली आणि सर्व मानव एकाच आदामाचे वंशज नसल्याच्या मताविषयी सावध केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत निव्वळ तर्क उरला नसल्याचे मान्य केले. म्हणजे देहाच्या प्रश्नावर ख्रिस्तसभेने दार कधीच पूर्ण बंद केले नव्हते. फादर तेयार अडकले ते मूळ पापाच्या प्रश्नावर, आणि तो आजही सोपा झालेला नाही.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी त्यांनी आपली सारी हस्तलिखिते आपल्या साहाय्यक जान मोर्तिए यांच्या नावे करून दिली. ही पळवाट होती का? आज्ञापालनाच्या व्रताचा शब्द त्यांनी पाळला, एवढे खरे. हयातीत एकही निषिद्ध ग्रंथ छापला नाही. ते गेल्यावर त्याच वर्षी पहिला ग्रंथ निघाला आणि हातोहात खपला. १९६२ मध्ये रोमने त्यांच्या लेखनातील संदिग्धता व चुकांविषयी इशारा दिला. १९८१ मध्ये तो कायम असल्याचे स्पष्ट केले गेले. २०१७ मध्ये मात्र परमपीठाच्याच संस्कृतीविषयक मंडळाच्या बैठकीने तो मागे घेण्याचा विचार व्हावा, अशी विनंती पोप फ्रान्सिस यांना केली. त्याआधी २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी विश्वरूपी उपासनेच्या त्यांच्या दर्शनाचा गौरवाने उल्लेख केला होता, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सृष्टीविषयक परिपत्रकाच्या एका तळटीपेत त्यांचे नाव आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मंगोलियात मिस्साबलिदानाच्या अखेरीस पोप फ्रान्सिस यांनी ऑर्डोसमधील त्या ध्यानाची आठवण केली.

आपल्याला पुनरुत्थानाच्या दिवशी मरण यावे, अशी इच्छा फादर तेयार यांनी आप्तांजवळ बोलून दाखविली होती. १० एप्रिल १९५५ रोजी, ईस्टर रविवारी, सकाळी मिस्सा आणि दुपारी संगीताचा कार्यक्रम आटोपून ते एका स्नेह्यांच्या घरी चहासाठी थांबले असता अचानक कोसळले आणि गेले. न्यूयॉर्कपासून दूर हडसन नदीकाठी येशूसंघाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. सोबत मोजकीच माणसे होती. तेथील येशूसंघीयांचे घर पुढे १९७० मध्ये पाककला शिकविणाऱ्या एका संस्थेने विकत घेतले. संस्थेच्या आवारातील त्या जुन्या दफनभूमीत, इतर बांधवांच्या दगडांच्या ओळीत, तसाच एक साधा दगड त्यांच्या नावाचा आहे.