ऋणाच्या ओझ्याखालचा शिक्षक

१९६१ च्या डिसेंबरची १९ तारीख गोमंतक कधी विसरणार नाही. तिच्या बरोबर दहा दिवस आधी, ९ डिसेंबरला, सागरापलीकडच्या आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर टांगानिका हा देश स्वतंत्र झाला होता. त्याचे नेते ज्युलियस न्येरेरे. मोझांबिकला पोर्तुगालच्या जोखडातून सोडवू पाहणाऱ्या फ्रेलिमो संघटनेला १९६२ साली त्यांच्याच दार-एस-सलाम शहरात आसरा मिळाला. सालाझारशाहीचा जाच सोसलेल्या आम्हांला हा माणूस परका कसा वाटावा? गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला असताना त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

१९२२ साली बुटियामा या खेड्यात एका छोट्या जमातीच्या प्रमुखाच्या घरी त्यांचा जन्म झाला. मेकेरेरे येथे अध्यापनाचे शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले आणि १९५२ साली एडिंबरो विद्यापीठाचे एम. ए. होऊन परतले. १९५४ साली त्यांनी टानू हा पक्ष उभारला आणि रक्तपाताविना देश स्वतंत्र केला. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणूनच ओळखत राहिले.

परकीय पैशाबरोबर परकीय इच्छाही घरात शिरते, हे त्यांनी लवकर ओळखले होते. ऱ्होडेशियातील गोऱ्यांच्या बंडखोर राजवटीवरून त्यांनी १९६५ साली ब्रिटनशी संबंध तोडले, तेव्हा ब्रिटनने देऊ केलेले ७५ लक्ष पौंडांचे कर्ज गोठले. न्येरेरे डगमगले नाहीत. १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यात त्यांनी स्वावलंबन हेच राष्ट्राचे धोरण म्हणून मांडले. तरीही दैवाचा खेळ असा, की पुढच्या दशकात त्यांचा टांझानिया हाच परकीय साहाय्यावर मोठ्या प्रमाणात विसंबणाऱ्या आफ्रिकी देशांपैकी एक ठरला.

याचा दोष सर्वस्वी दैवाचा नव्हता, हे सांगण्यास आम्ही कचरत नाही. सत्तरच्या दशकात लक्षावधी शेतकऱ्यांना सक्तीने नव्या उजामा खेड्यांत हलविण्यात आले आणि शेतीची घडी विसकटली. एकपक्षीय राज्यात विरोधाला वाव उरला नाही. पण तेलाच्या किमती १९७३ आणि १९७९ साली भडकल्या, त्या काही न्येरेऱ्यांनी भडकविल्या नव्हत्या. युगांडाच्या इदी अमीनने १९७८ साली केलेल्या आक्रमणाचा खर्चही गरिबाच्याच माथी बसला. अखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारी जावे लागले. चलनाचे अवमूल्यन करा, सरकारी खर्चाला कात्री लावा, अशा अटी समोर येताच त्यांनी १९८० च्या प्रारंभी जाहीरपणे त्यांना विरोध केला. शेक्सपिअरच्या मर्चंट ऑफ व्हेनिसचे स्वाहिलीत भाषांतर करणाऱ्या या शिक्षकाला कर्जखतातील कलमांची धार कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९८५ साली त्यांनी स्वेच्छेने राष्ट्राध्यक्षपद सोडले. १९८६ साली त्यांच्या वारसाने नाणेनिधीशी करार केला.

निवृत्तीनंतर १९८७ ते १९९० या काळात ते दक्षिण आयोगाचे अध्यक्ष होते आणि आपले डॉ. मनमोहन सिंग त्या आयोगाचे सरचिटणीस. गरीब राष्ट्रांनी ऋणाच्या प्रश्नावर एकजुटीने उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. भारताचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली त्यांना लाभला. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २००१ मध्ये, अतिऋणग्रस्त राष्ट्रांसाठीच्या योजनेखाली टांझानियाला कालांतराने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या परतफेडीतून सूट मंजूर झाली. त्याच सुमारास प्राथमिक शाळांतील शुल्क रद्द झाले आणि लक्षावधी नवी मुले वर्गात येऊन बसली. जे शिक्षण या गुरुजींनी सार्वत्रिक करू पाहिले आणि जे पुढच्या ओढगस्तीत खचले, त्याला ऋण हलके होताच पुन्हा पालवी फुटली.

कर्जमाफीने राज्यकर्ते बेफिकीर होतात, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. माफीचा पैसा कोठे गेला याचा हिशेब जनतेला मिळालाच पाहिजे. परंतु सावकाराच्या वहीत बापाचे नाव खोडून मुलाचे नाव चढते, तेव्हा काय होते, हे आमच्या कोकणपट्टीने पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२४ साली दाखवून दिले, की जगातील ३ अब्ज ३० कोटी लोक अशा देशांत राहतात, जेथे शिक्षणावर किंवा आरोग्यावर होणाऱ्या खर्चाहून अधिक रक्कम व्याजापायी जाते. ज्या मुलांनी कर्ज घेतले नाही, त्यांच्या पाटीपुस्तकातून ते वसूल करणे हा न्याय नव्हे. न्येरेरे चुकले असतील. या एका गोष्टीत मात्र ते चुकले नव्हते.