नगरच्या किल्ल्यातला पहाटेचा चहा

समजा, उद्या तुम्हाला एका शिबिराला नेलं. कुठे ते आधी सांगितलं नाही. पोहोचल्यावर मोबाइल जमा. पेपर नाही, घरी खुशाली कळवायची सोय नाही. जेवण लोखंडी ताटलीत. सोबत अकरा जण, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. आणि परत कधी सोडणार, हे कुणालाच माहीत नाही. किती दिवस टिकाल?

मौलाना अबुल कलाम आझाद जवळपास पावणेतीन वर्षं टिकले. तेही आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात.

आझाद म्हटलं की आपल्याला ११ नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन आठवतो आणि शाळेच्या पुस्तकातला तो टोपी-दाढीवाला फोटो. पण जरा त्यांचं वय मोजून बघा. जन्म १८८८चा, मक्केतला. लहानपणीच कुटुंब कोलकात्याला आलं. शाळा-कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, सगळं शिक्षण घरी. १९१२मध्ये ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढलं तेव्हा ते २३ वर्षांचे होते, म्हणजे आपल्यातल्या अनेकांच्या वयाचे! इंग्रज सरकारला ते इतकं झोंबलं की दोन वर्षांत बंद करायला लावलं आणि पुढे आझादांना रांचीला नजरकैदेत टाकलं. पस्तिशीच्या आतच, १९२३ला, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४०मध्ये पुन्हा.

८ ऑगस्ट १९४२ला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हाही अध्यक्ष तेच. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिस आले. गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसला नेलं आणि कार्यकारिणीला घेऊन रेल्वे नगरला आली. नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष, डॉ. सय्यद महमूद आणि आपले शंकरराव देव. गुजराती, सिंधी, तेलुगू, ओडिया, बंगाली, मराठी… हॉस्टेलच्या एका मजल्यावर असतात तशी सगळी मंडळी.

आझादांनी सोबत छोटा रेडिओ आणला होता. तो दारातच जप्त झाला, सुटका होईपर्यंत पुन्हा दिसला नाही. बाहेर देश पेटला होता आणि आत सुरुवातीला त्याची बातमीही कळत नव्हती. मग काय करायचं? आपण हॉस्टेलला जे करतो तेच. तुरुंगाच्या अधीक्षकाला त्यांनी टोपणनाव ठेवलं, ‘चिता खान’. चांदबीबीच्या काळातल्या इथल्या एका हबशी सरदाराचं नाव! ओसाड अंगणात नेहरूंनी बाग फुलवायला घेतली आणि बाकीचे हाताशी आले.

आझाद तसे एकलकोंडे. पहाटे तीन-चारला उठायचे आणि स्वतःच्या हाताने चमेलीचा चिनी चहा करायचे, बिनदुधाचा. चहात दूध घालणाऱ्यांवर त्यांचा राग. नेहरूंना गूळसुद्धा आवडतो, हे तर त्यांना अजिबात पटायचं नाही. त्या चहासोबत ते एका जुन्या मित्राला पत्रं लिहायचे. पाठवता येणार नाहीत हे माहीत असूनही लिहायचे. त्याच पत्रांचं पुढे ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं.

त्यात चिमण्यांची एक भारी गोष्ट आहे. खोलीत चिमण्या घरटी करायच्या. आझादांनी आधी छत्री घेऊन, मग बांबू घेऊन त्यांच्याशी युद्ध केलं आणि सपशेल हरले. मग तांदळाचे दाणे टाकायला लागले. हळूहळू चिमण्या हातावर येऊन बसायला लागल्या. त्यांनाही नावं ठेवली, एकीचं नाव मोती.

हे वाचून मजा वाटते. पण १९४३चा एप्रिल महिना वाचताना हसू थांबतं.

कोलकात्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी पडल्या. मुंबईला निघताना त्याच त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर पोहोचवतो, असं अधीक्षकाने सुचवलं. आझाद नाही म्हणाले. ज्या सरकारला चालतं व्हा म्हणून सांगितलं, त्याच्यापुढे हात कसा पसरायचा? मग नेहरू येऊन त्यांच्याशी बोलले. उत्तर तेच. ९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. आझाद रोजच्या वेळेला उठत होते, जेवायला बसत होते, चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हते. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. त्या दिवसांत आपली नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होती, एवढंच त्यांनी लिहून ठेवलं.

त्यांचं बरोबर होतं का? मला अजून ठरवता येत नाही. तुम्हीही विचार करून बघा.

पुढच्या वर्षी याच किल्ल्यात पाच महिन्यांत नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. ज्यांच्याशी चर्चा करून ते घडलं, त्यांत त्यांनी आझादांचं नाव घेतलं आणि पुस्तक किल्ल्यातल्या सोबत्यांना अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत या जागेला चक्क ‘कॅम्प’ म्हटलंय, प्रिझन कॅम्प!

आझाद १९४५मध्ये सुटले, देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. खरगपूरची पहिली आयआयटी आणि तुमच्या-माझ्या डिग्रीवर लक्ष ठेवणारं यूजीसी त्यांच्याच काळातलं. २२ फेब्रुवारी १९५८ला ते गेले. त्यांच्या आत्मकथनातली तीस पानं तीस वर्षं सीलबंद होती. १९८८मध्ये ती उघडली, तर त्यांत फाळणीच्या निर्णयांवरून नेहरूंवर स्पष्ट टीका निघाली. आणि हेच पुस्तक त्यांनी कुणाला अर्पण केलं होतं माहितीये? मित्र म्हणून, नेहरूंना.

एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात रेंज नाही म्हणून कुणी कुरकुरलं, तर त्याला ही गोष्ट सांगा. चहा करताना सांगितली तर उत्तम. दूध घालायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.