आर्तुरी इल्मारी विर्तानेन

आर्तुरी इल्मारी विर्तानेन (१५ जानेवारी १८९५ – ११ नोव्हेंबर १९७३) हे फिनलंडचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. हिरवा चारा आम्ल मिसळून टिकविण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली. कृषी व पोषण रसायनशास्त्रातील संशोधनासाठी, विशेषतः या पद्धतीसाठी, त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

== जीवन ==
विर्तानेन यांचा जन्म हेलसिंकी येथे झाला. त्यावेळी फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. शालेय शिक्षण विपुरी येथे घेतल्यानंतर त्यांनी हेलसिंकी विद्यापीठातून १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पुढे झुरिक व स्टॉकहोम येथेही त्यांनी अध्ययन केले. १९२० मध्ये त्यांचा लिल्या मोइसिओ यांच्याशी विवाह झाला. सहकारी दूधसंघांच्या 'वालिओ' या संस्थेच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले व १९२१ मध्ये तिचे संचालक झाले. १९३१ पासून ते हेलसिंकी येथील जीवरसायन संशोधन संस्थेचे संचालक होते.

== ए.आय.व्ही. पद्धत ==
फिनलंडमध्ये हिवाळा दीर्घ असतो व त्या काळात जनावरांना साठविलेल्या चाऱ्यावरच जगावे लागते. वाळविलेल्या गवतातील जीवनसत्त्वे कमी होतात, तर खड्ड्यात दाबलेला हिरवा चारा पुरेसा आंबट न झाल्यास कुजतो. त्यात ब्युटिरिक आम्ल तयार होते व प्रथिनांचा नाश होतो. क्लोव्हरसारख्या द्विदल चाऱ्यात साखर कमी व प्रथिने अधिक असल्याने हा धोका विशेष असतो.

नैसर्गिक किण्वनाने आम्लता येण्याची वाट न पाहता ती आरंभीच निर्माण करावी, असा विचार विर्तानेन यांनी केला. हायड्रोक्लोरिक व सल्फ्युरिक आम्लांचे सौम्य मिश्रण ताज्या चाऱ्यावर शिंपडून त्यांनी चाऱ्याचा सामू ४ च्या खाली आणला. त्यामुळे हानिकारक जिवाणूंची वाढ व वनस्पतीच्या पेशींचे श्वसन थांबते. आम्लयुक्त चाऱ्याने जनावरांना अपाय होईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा होता. गायींवरील प्रयोगांतून हा चारा योग्य प्रमाणात सुरक्षित असल्याचे व दुधाची प्रत टिकत असल्याचे दिसून आले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ओळखली जाते. पुढे खनिज आम्लांची जागा मुख्यतः फॉर्मिक आम्लाने घेतली.

== इतर संशोधन ==
लोणी टिकविण्यासाठी त्यातील आम्लता कमी करणारे फॉस्फेट क्षार त्यांनी सुचविले. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत होणाऱ्या नत्र स्थिरीकरणाचा व त्यातील लेगहीमोग्लोबिन या तांबड्या द्रव्याचा त्यांनी अभ्यास केला. उत्तरायुष्यात प्रथिनरहित खाद्य देऊन, नत्रासाठी युरिया व अमोनियम क्षार वापरूनही गायी दूध देऊ शकतात, हे त्यांनी दाखविले.

== मुरघास व मराठवाडा ==
महाराष्ट्रात टिकविलेल्या हिरव्या चाऱ्यास मुरघास म्हणतात. फिनलंडमध्ये अडचण बर्फाची होती, तर बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या अवर्षणप्रवण भागात ती उन्हाळा व दुष्काळाची असते. उपाय मात्र एकाच तत्त्वावर उभा आहे. चिकातील मका किंवा ज्वारी कापून तिची कुट्टी करतात, ती खड्ड्यात अथवा प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून हवाबंद ठेवतात. सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो. या पिकांत पुरेशी साखर असल्याने लॅक्टिक आम्ल सहज तयार होते व बाहेरून आम्ल घालण्याची सहसा गरज पडत नाही. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात मात्र मळी, गूळ किंवा जिवाणू संवर्धक मिसळणे उपयुक्त ठरते. तीव्र खनिज आम्ले हाताळण्यास धोकादायक असल्याने शेतावर अशी साधी द्रव्येच सोयीची असतात.

== अखेर व सन्मान ==
१९४८ मध्ये ते फिनलंडच्या अकादमीचे सदस्य व अध्यक्ष झाले. अध्यक्षपद त्यांनी १९६३ पर्यंत भूषविले. त्यांची राहणी साधी होती. त्यांच्याकडे स्वतःची मोटार नव्हती. मांडीचे हाड मोडल्यानंतर काही आठवड्यांनी न्यूमोनियाने त्यांचे हेलसिंकी येथे निधन झाले. १४४९ क्रमांकाच्या लघुग्रहास व चंद्रावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.