अठराव्या भागाचा हिशेब

गिटारचा फ्रेटबोर्ड आखून देणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी ६५० मिलिमीटर आहे एवढे सांगितले, की पहिला पडदा ३६.४८ मिलिमीटरवर, बारावा बरोबर ३२५ वर, अशी सारी आखणी क्षणात हाती येते. सूत्र एकच : उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागावे आणि तेवढे पुढे सरकावे. लॉगरिथमचाही शोध लागला नव्हता तेव्हा, १५८१ साली, हा भाजक १८ असा छापून ठेवणारे गृहस्थ होते व्हिन्चेन्झो गॅलिलेई. जग त्यांना ओळखते ते गॅलिलिओचे वडील म्हणून.

१५२० च्या सुमारास टस्कनीतील सान्ता मारिया आ मोन्ते या गावी त्यांचा जन्म झाला. ल्यूट या तंतुवाद्यावर त्यांचे प्रभुत्व होते. फ्लॉरेन्सचे सरदार जोव्हान्नी दे बार्दी यांनी हा गुण हेरला आणि स्वतःच्या खर्चाने त्यांना व्हेनिसला, जोसेफो झार्लिनो या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ संगीतशास्त्रज्ञाकडे शिकायला पाठवले. १५६२ साली विवाह, १५६४ साली पिसा येथे थोरल्या मुलाचा जन्म. वादन आणि शिकवण्या यांवर संसार भागेना, म्हणून कापडाचा व्यापारही करावा लागला.

वादकापुढे एक अडचण रोजची होती. ल्यूटच्या दांडीला बांधलेले आतड्याच्या दोऱ्याचे पडदे सतारीच्या पडद्यांप्रमाणे सरकवता येत. पण एकच पडदा साऱ्या तारांखालून जातो. अर्धस्वर लहानमोठे ठेवले, तर एका तारेवर सुरेल बोलणारा पडदा शेजारच्या तारेवर बेसूर ठरतो. तेव्हा सारे अर्धस्वर सारखे करणे हाच व्यवहार्य मार्ग. प्रत्येक पडद्यासाठी उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडायचा, हा त्यांचा तोडगा ज्याच्या हाती कंपास आहे अशा कुठल्याही कारागिराला जमण्याजोगा होता.

हिशेब काटेकोर नव्हता. बारा वेळा अठरावा भाग सोडल्यावर लांबी निम्मी उरायला हवी. ती किंचित जास्त उरते. ६५० मिलिमीटरच्या तारेवर बारावा पडदा सुमारे २.४ मिलिमीटर अलीकडे पडतो आणि वरच्या सप्तकातला षड्ज थोडा उतरतो. गंमत अशी, की बोटाने दाबलेली तार ताणली जाऊन स्वर चढतो आणि उणीव बरीचशी भरून निघते. (आजची अनेक सॉफ्टवेअर याच कारणासाठी घोडी जराशी मागे घ्यायला सांगतात.) वाद्यकारांनी पुढे कित्येक पिढ्या अठराचाच नियम वापरला.

ज्या ग्रंथात हा नियम आला, त्याच ग्रंथात व्हिन्चेन्झो यांनी गुरूंवर शस्त्र उपसले. रोममधील विद्वान जिरोलामो मेई यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराने त्यांची झार्लिनोंच्या मतांवरची श्रद्धा डळमळली होती. शुद्ध गुणोत्तरांचे जे स्वर झार्लिनो निसर्गदत्त मानीत, ते प्रत्यक्षात कोणी गातच नाही, असे शिष्याचे म्हणणे. १५८८ साली गुरूंनी प्रत्युत्तर दिले; पुढच्याच वर्षी शिष्याचा दुसरा ग्रंथ निघाला. भाषा दोन्हीकडे कडवट होती, आणि ज्याच्या विद्येवर आपण उभे राहिलो त्याच्याशी इतके कठोर व्हावे का, असे वाचताना मनात येतेच.

परंतु या भांडणातून निघालेला प्रयोग मोलाचा ठरला. तारेला दुप्पट वजन टांगले की स्वर एक सप्तक चढतो, ही पायथागोरसच्या नावावर चालत आलेली समजूत दोन हजार वर्षे कोणी पडताळली नव्हती. व्हिन्चेन्झो यांनी तारांना वजने टांगून पाहिली. दुप्पट पुरत नाही, चौपट लागते. त्या सुमारास विशीतला गॅलिलिओ घरीच होता. १५८१ साली वडिलांनी त्याला पिसाला वैद्यक शिकायला घातले होते. १५८५ साली पदवी न घेताच तो परतला होता. या प्रयोगांत त्याचाही हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

जुलै १५९१ मध्ये फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये व्हिन्चेन्झो यांचे दफन झाले. बहिणींच्या हुंड्याचे ओझे सत्तावीस वर्षांच्या गॅलिलिओवर येऊन पडले. धाकटा मिकेलान्जेलो वडिलांचे वाद्य घेऊन पोलंडला आणि पुढे म्युनिकला गेला. त्याच्या ल्यूटरचनांचे पुस्तक १६२० साली तिथे छापले गेले. पैशांची मागणी मात्र तो थोरल्या भावाकडे वर्षानुवर्षे करीत राहिला.