शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३ – २४ एप्रिल १९९४) हे मराठी उद्योजक व यंत्र-अभियंते होते. त्यांचे वडील लक्ष्मणराव यांनी लोखंडी नांगरांच्या निर्मितीतून नावारूपास आणलेला उद्योग शंतनुरावांनी डिझेल इंजिनांपर्यंत नेला. वीज न पोहोचलेल्या गावांतील विहिरींचे पाणी या इंजिनांमुळे शेतापर्यंत जाऊ लागले.

जन्म व शिक्षण

शंतनुरावांचा जन्म सोलापूर येथे झाला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवली. कारखान्याच्या या वसाहतीशी शंतनुरावांचा संबंध बालपणापासून आला. पुढे ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले आणि १९२६ मध्ये यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले.

औद्योगिक कार्य

परतल्यावर ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची जाळपोळ झाली. मात्र तो पुन्हा उभा राहिला. १९६२ मध्ये अमेरिकन सहकार्याने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही मोठ्या डिझेल इंजिनांची कंपनी सुरू झाली. भारतीय यंत्रे परदेशी बाजारपेठेत टिकली पाहिजेत, या भूमिकेतून शंतनुरावांनी निर्यातीवर विशेष भर दिला.

शेतीपंपाचे इंजिन

किर्लोस्करांचे एव्ही-१ हे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, ५ अश्वशक्तीचे इंजिन शेतकऱ्यांच्या विशेष परिचयाचे झाले. धाराशिव (उस्मानाबाद) हा बालाघाटच्या डोंगररांगांतील पर्जन्यछायेचा जिल्हा आहे. अशा भागात रब्बीचे पीक विहिरीच्या पाण्यावर अवलंबून असते. बैलांच्या मोटेच्या तुलनेत इंजिन कमी वेळात अधिक पाणी उपसत असे. मात्र ते वेळेवर सुरू होणे आवश्यक होते; पाण्याची पाळी चुकली की पिकाचे नुकसान ठरलेले असे.

थंडी आणि वंगण

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. हाताने सुरू करावयाच्या इंजिनात प्रथम तरफेने सिलिंडरमधील दाब मोकळा करतात, हँडल मारून जड चाकाला गती देतात आणि मग तरफ सोडतात. हिवाळ्याच्या पहाटे वंगणाचे ऑईल दाट झालेले असते. त्यामुळे हँडल जड जाते, चाकाला पुरेशी गती मिळत नाही, हवा पुरेशी तापत नाही आणि इंजिन पेट घेत नाही. शिवाय दाट ऑईल बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचल्याने सुरुवातीच्या क्षणांत झीज वाढते.

यावर उपाय म्हणून ऑईलमध्ये पूरक रसायने मिसळतात. त्यांचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. खनिज तेलात मेण असते. कडाक्याच्या थंडीत त्याचे स्फटिक जाळ्यासारखे गुंततात आणि तेल गोठते. पहिल्या प्रकारची रसायने स्फटिक बनणे थांबवत नाहीत, परंतु त्यांचे जाळे होऊ देत नाहीत. दुसऱ्या प्रकारात लांब साखळीचे रेणू असतात. ते थंडीत आक्रसतात व उष्णतेत पसरतात. त्यामुळे मुळात पातळ असलेले तेल थंडीत वाहते राहते आणि तापल्यावरही फार पातळ होत नाही.

१५डब्ल्यू-४० या नावातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. या श्रेणीच्या ऑईलचा दाटपणा इंजिन फिरवण्याच्या दृष्टीने उणे २० अंश सेल्सियसला, तर पंपाने वाहून नेण्याच्या दृष्टीने उणे २५ अंशांना तपासतात. ४० हा आकडा १०० अंशांच्या दाटपणाशी निगडित आहे. धाराशिवमध्ये मेण गोठण्याइतकी थंडी पडत नाही, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या रसायनांची तेथे फारशी गरज भासत नाही. परंतु एकाच श्रेणीचे जाड ऑईल तेथील पहाटेच्या गारव्यातही जड होते, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. म्हणून दुसऱ्या प्रकारची रसायने असलेले ऑईल तेथेही उपयुक्त ठरते. अर्थात, निर्मात्याने त्या इंजिनासाठी सांगितलेली श्रेणी वापरणे हिताचे असते.

सन्मान व लेखन

१९६५ मध्ये भारत सरकारने शंतनुरावांना पद्मभूषण देऊन गौरविले. भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. कॅक्टस अँड रोझेस हे त्यांचे आत्मचरित्र आहे. २००३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.