शिवाजी महाराज आणि पंचहजारी मनसब
मोगल दरबारात सरदाराचा दर्जा व वेतन मनसबीच्या आकड्यावर ठरे. वेतनापोटी बहुधा जहागीर मिळे. शिवाजी महाराजांच्या (१६३०–१६८०) चरित्रात हा आकडा कसा निर्णायक ठरला, ते पाहा. १६६५ च्या पुरंदर तहानंतर आठ वर्षांच्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली. पुढच्याच वर्षी आग्र्यात पित्यालाही पंचहजाऱ्यांच्या रांगेत उभे केले गेले. महाराजांनी भर दरबारात संताप व्यक्त केला, नजरकैद सोसली आणि तेथून निसटून ते राजगडी परतले. १६७४ मध्ये रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या घोडदळातही ‘पंचहजारी’ हे पद होते. मात्र त्यास जहागिरीऐवजी वार्षिक २,००० होन वेतन ठरलेले होते. आग्र्यात जो दर्जा अपमानास कारण झाला, त्याच नावाचे पद स्वराज्यात जबाबदारीचे माप ठरले, हे ध्यानात घ्यावे.