घोड्यावरून उतरलेले सैन्य

आम्ही मराठवाड्यातली माणसे पाण्याच्या बाबतीत तशी गरीबच. शेंद्र्याच्या माळावर नजर टाकली तर दिसते ती काळी जमीन आणि जालन्याकडे पळणारा रस्ता. खाडी, भरती, ओहोटी हे शब्द आमच्या बोलण्यात सहसा येत नाहीत. म्हणूनच असेल कदाचित, पण पेशवाईच्या इतिहासात मला सर्वांत जास्त नवल वाटते ते साष्टी-वसईच्या मोहिमेचे. घाटावरच्या घोडेस्वारांनी पाण्याने वेढलेला मुलूख जिंकला, आणि तोही पोर्तुगिजांसारख्या दर्यावर्दी शत्रूकडून. ही मोहीम ज्यांनी तडीस नेली, त्या चिमाजीअप्पांची ओळख मात्र आपण आजही एका ओळीत उरकतो. थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, एवढीच.

चिमाजीअप्पांचा जन्म १७०७ सालचा, म्हणजे ते बाजीरावांहून सात वर्षांनी लहान. १७२० मध्ये वडील बाळाजी विश्वनाथ वारले, तेव्हा अप्पा तेरा वर्षांचे होते. प्रकृती पहिल्यापासून नाजूक, छातीचा विकार मागे लागलेला. दादासाहेब विजेसारखे मुलूखभर फिरत आणि मागचा संसार, पैसा, कागदपत्र अप्पा सांभाळीत. पण ते नुसते कारभारी नव्हते. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला मोगलांचे सुभेदार गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांना त्यांनी एकाच लढाईत संपवले. १७३० मध्ये मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई गेल्या. तो आईविना वाढलेला मुलगा म्हणजे पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ.

आता साष्टीकडे वळू. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त मुंबईच्या उपनगरांत राहतात. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे ठाण्यापर्यंतचा तो सगळा मुलूख म्हणजे जुने साष्टी बेट. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. उत्तरेला खाडीपलीकडे वसई. हा भाग १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होता. तिथल्या हिंदू रयतेवर धर्माच्या बाबतीत जाच होता आणि त्याच्या तक्रारी पुण्यापर्यंत पोहोचत होत्या. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी या कामी पुढाकार घेतला. घाटावरच्या सैन्याला खाडीचा उतार आणि चिखलातली वाट दाखवायला असाच माणूस हवा होता.

पोर्तुगीज ठाण्याला खाडीकाठी किल्ला बांधत होते. तो पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ च्या अखेरीस, मराठ्यांनी रात्री खाडी ओलांडून ठाणे घेतले. बेटावर पाय रोवला गेला. पण वांद्रे, वेसावे आणि मुख्य म्हणजे वसई शत्रूकडेच राहिली. शिवाय एवढ्यावर थांबून चालणार नव्हते, कारण पेशव्यांना एकच आघाडी नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी बाजीरावांनी भोपाळला निजामाला कोंडले, तेव्हा निजामाचा मुलगा नासिरजंग याची कुमक तिकडे पोहोचू नये म्हणून अप्पा खानदेशात तापीच्या बाजूला तळ देऊन होते. इकडे पोर्तुगिजांनी ठाणे परत घेण्याचा प्रयत्न केला. त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो तोफेचा गोळा लागून पडला आणि तो डाव फसला.

१७३९ च्या आरंभी अप्पा जातीने कोकणात उतरले. केळवे-माहीम, शिरगाव आणि तारापूर एकापाठोपाठ एक हाती आले. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव हे घरच्यासारखे सरदार पडले. मग फेब्रुवारीत वसईला वेढा बसला.

वसईचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना अडचण लगेच कळेल. बहुतेक बाजूंनी पाणी आणि दलदल. जमिनीवरून भिडायला जागा ती उत्तरेची, तीही वाळूची. तिथे घोड्याचा काही उपयोग नाही. ज्या सैन्याची सारी कीर्ती घोड्याच्या टापांवर उभी होती, त्याला अप्पांनी खाली उतरवून फावडी हातात दिली. तटावरून गोळे आणि पेटते साहित्य येत असताना माणसे चर खणत पुढे सरकत होती, मोर्चे बांधत होती, तटाखाली सुरुंग नेत होती. असे जवळजवळ तीन महिने चालले. तिकडे उत्तरेत नादिरशहाने दिल्ली लुटली होती, बाजीरावांना फौज हवी होती, आणि पावसाळा तोंडावर आला होता. पाऊस लागला असता तर चर पाण्याने भरले असते आणि सारी मेहनत वाया गेली असती.

मे महिन्यात सुरुंग पेटवले. बुरूज ढासळला, माणसे खिंडाराकडे धावली. पण काही सुरुंग उशिरा उडाले आणि आत घुसलेले आपलेच लोक त्या दगडांखाली गाडले गेले. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. अखेर किल्लेदाराने पांढरे निशाण लावले. या वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांवर माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. पोर्तुगिजांची हानी आठशेच्या घरातली. हा विजय फार महाग पडला, हे विसरता कामा नये.

या वेढ्याची एक गोष्ट घरोघर सांगतात. किल्ला पडेना तेव्हा अप्पांनी आपले शीर तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाकायला सांगितले म्हणे. गोष्ट झकास आहे, मुलांना जरूर सांगावी. पण मला त्याहून मोठे वाटते ते पुढचे वर्तन. हजारो माणसे गमावलेल्या सेनापतीच्या हाती शहर आले होते. कत्तल करायला त्या काळात कोणी दोष दिला नसता. अप्पांनी तह केला. शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले. कुटुंबांना आपले चीजवस्तू घेऊन जाण्यास मुदत दिली. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथे मराठी बोलत नांदतो आहे. चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच मानतात.

आमच्या भागाशी अप्पांची गाठ पडली ती शेवटच्या पर्वात. १७४० च्या आरंभी दोघा भावांनी मिळून गोदाकाठी नासिरजंगाला जेरीस आणले. पैठणजवळ तह झाला. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, हे नासिरजंगाचे ठाणे होते. त्यानंतर भावाभावांची ताटातूट झाली ती कायमची. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. अप्पांची छाती आधीच पोखरलेली होती. वसईच्या दमट हवेने तिला आराम पडला असेल असे वाटत नाही. १७ डिसेंबर १७४० रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनीही डोळे मिटले. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांच्या सदाशिवाच्या वाट्याला पुन्हा पोरकेपण आले.

मोठ्या भावाच्या सावलीत राहून मोठे काम करणारी माणसे आपल्या प्रत्येक घरात असतात. हिशेब ठेवणारी, चिकाटीची, दिल्या शब्दाला जागणारी. पुण्याला जाल तेव्हा शनिवारवाडा पाहून परतू नका. मुठेकाठी ओंकारेश्वराच्या देवळाकडे जा. ते देऊळ अप्पांच्याच पुढाकाराने उभे राहिले. जवळच त्यांची समाधी आहे. मुलांना तिथे घेऊन जा आणि साष्टीची खाडी ओलांडणाऱ्या त्या घाटावरच्या माणसांची हकीकत सांगा.